लक्ष्य अचानक उडी मारतं तेव्हा: माणसाच्या ट्रॅकिंगचं मॉडेल कसं बांधावं

पडद्यावर एक उभी रेघ आहे आणि हातातल्या जॉयस्टिकने एक ठिपका त्या रेघेवर धरून ठेवायचा आहे. रेघ सावकाश इकडेतिकडे सरकत असेल, तर माणूस काय करतो याचं गणित बऱ्यापैकी पक्कं झालेलं आहे. तीच रेघ एका क्षणात दहा सेंटीमीटर उजवीकडे गेली की मात्र ते गणित डळमळतं. माणूस आधी काहीच करत नाही, मग एका झटक्यात बरंचसं अंतर कापतो, थबकतो आणि उरलेली चूक एखाद्या छोट्या हालचालीने भरून काढतो. सावकाश सरकणाऱ्या लक्ष्यावर बसवलेलं मॉडेल हा क्रम दाखवत नाही.

हा लेख त्या उडीबद्दल आहे. प्रयोग कसा मांडायचा, नोंदी कशा वाचायच्या, मॉडेल कुठून सुरू करायचं आणि ते खरं उतरलं की नाही हे कसं ठरवायचं, या क्रमाने जाऊ. थोडं प्रोग्रॅमिंग येत असेल आणि फीडबॅक म्हणजे काय हे ठाऊक असेल, तर एवढ्यावर काम भागतं. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: एकेका उडीचा आलेख स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय सरासरी काढू नका. या विषयातले बरेच चुकीचे निष्कर्ष सरासरीच्या गुळगुळीत रेषेतून निघतात.

आधी थोडी पूर्वपीठिका

१८९९ मध्ये वुडवर्थ यांनी हाताच्या हालचालीचे दोन भाग असल्याचं दाखवलं. पहिला भाग आधीच ठरवून सोडलेला जोर, आणि दुसरा भाग डोळ्यांनी बघत केलेली दुरुस्ती. दुसऱ्या महायुद्धात तोफा आणि विमानांमुळे हा प्रश्न तातडीचा झाला. १९४७ मध्ये टस्टिन यांनी तोफ फिरवणाऱ्या माणसाचं वर्णन एक रेषीय नियम (चूक दुप्पट तर प्रतिसादही दुप्पट) अधिक त्यात न बसणारा उरलेला भाग असं केलं. त्याच सुमारास केनेथ क्रेक यांचं लेखन त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं. त्यांचं म्हणणं वेगळं होतं: माणूस सलग दुरुस्ती करत नाही, तो तुटक तुटक, साधारण अर्ध्या सेकंदाच्या अंतराने निर्णय घेतो. मार्गारेट व्हिन्स यांनी १९४८ मध्ये प्रयोगांतून या विचाराला बळ दिलं.

पुढे सलग बाजूने मोठी मजल मारली ती मॅकरूअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९६५ च्या त्यांच्या अहवालातलं क्रॉसओव्हर मॉडेल आजही पहिलं हत्यार म्हणून वापरावं असंच आहे. १९७० मध्ये क्लाइनमन, बॅरन आणि लेव्हिसन यांनी इष्टतम नियंत्रणावर आधारलेलं मॉडेल मांडलं. उडीच्या प्रश्नाला थेट हात घातला तो कॉस्टेलो यांनी १९६८ मध्ये. छोट्या चुकांसाठी रेषीय वागणूक आणि मोठ्या, अचानक चुकीसाठी वेगळी झेप, अशी दोन रूपांत बदलणारी त्यांची मांडणी होती. सलग की तुटक, हा वाद अजून पुरता मिटलेला नाही. माझा कल तुटक बाजूकडे आहे, पण फक्त उडीपुरता, आणि त्याची कारणं पुढे येतीलच.

पायरी १: काम नेमकं ठरवा

‘ट्रॅकिंग’ या एका शब्दाखाली वेगवेगळी कामं येतात आणि मॉडेल कामागणिक बदलतं. तीन गोष्टी आधी कागदावर लिहून काढा.

पहिली, पडद्यावर काय दिसतं. लक्ष्य आणि ठिपका दोन्ही दिसत असतील, तर उडी लक्ष्याने मारली हे माणसाला लगेच कळतं. फक्त दोघांमधली चूकच दाखवत असाल, तर ती लक्ष्यामुळे वाढली की स्वतःच्या हातामुळे, हे त्याला वेगळं करता येत नाही. उडीचा अभ्यास करायचा असेल तर पहिला प्रकार घ्या. त्यात माणसाची ‘तिकडे जायचं आहे’ ही आखणी स्पष्ट दिसते.

दुसरी, हाताने नेमकं काय बदलतं. माऊससारख्या साधनात हाताची जागा म्हणजेच ठिपक्याची जागा. काही जॉयस्टिकमध्ये दांडी झुकवली की ठिपक्याचा वेग ठरतो. काही कामांत, उदाहरणार्थ अवकाशयानाच्या हाताळणीत, दांडीने प्रवेग ठरतो. मॅकरूअर यांच्या मॉडेलचा गाभा असा की माणूस यंत्राप्रमाणे स्वतःला बदलतो, जेणेकरून दोघांचा मिळून परिणाम एका इंटिग्रेटरसारखा, म्हणजे येणाऱ्या चुकीची वेळेगणिक बेरीज करत जाणाऱ्या घटकासारखा, दिसावा. वेग ठरवणाऱ्या यंत्रासमोर तो साध्या गेनसारखा वागतो, म्हणजे चुकीला एका ठरावीक आकड्याने गुणतो. प्रवेग ठरवणाऱ्या यंत्रासमोर त्याला चुकीच्या बदलाचा वेगही लक्षात घेऊन पुढचा अंदाज बांधावा लागतो. तिथे सराईत माणूस उडीला एक ठोसा इकडे आणि लगेच उलटा ठोसा तिकडे, अशी उत्तरं देतो. पहिलंच मॉडेल करत असाल तर जागा किंवा वेग ठरवणारं काम निवडा. प्रवेगाचं काम नंतर.

तिसरी, उड्यांचं वेळापत्रक. उडी केव्हा येणार, कुठल्या बाजूला आणि किती, यांपैकी काहीही आधी ओळखता येऊ नये. दर दोन सेकंदांनी ठोक्यावर उडी दिलीत, तर थोड्याच वेळात माणूस उडीच्या आधीच हलायला लागतो आणि तुम्ही प्रतिसादाऐवजी ताल मोजत बसता. दोन उड्यांमधलं अंतर दीड ते साडेतीन सेकंदांत यदृच्छ ठेवा. उडीचे किमान चार आकार घ्या, दोन्ही दिशांना. त्यात साधारण पाचापैकी एका वेळी दुहेरी उडी पेरा, म्हणजे पहिल्या उडीनंतर १०० ते ४०० मिलिसेकंदांत दुसरी. तिचा उपयोग शेवटी होईल, आणि तेव्हा ती नोंद हाताशी नसेल तर सगळा प्रयोग पुन्हा करावा लागेल.

पायरी २: यंत्रणेचा स्वतःचा उशीर मोजा

ही पायरी बहुतेक जण टाळतात. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक चौकट १६.७ मिलिसेकंदांची असते, साधा माऊस दर ८ मिलिसेकंदांनी आपली जागा कळवतो, आणि पडदा स्वतः चित्र उमटवायला आणखी वेळ घेतो. सगळं मिळून काही दशक मिलिसेकंद सहज जमतात. माणसाचा प्रतिसादकाळ २००–३०० मिलिसेकंदांच्या घरात असताना ही रक्कम दुर्लक्ष करण्यासारखी नाही, आणि मोजली नाही तर ती गुपचूप माणसाच्या खात्यात जमा होते.

मोजण्याची सोपी पद्धत अशी. फोनच्या कॅमेऱ्यावर २४० फ्रेमचं स्लो मोशन लावा, हात आणि पडदा एकाच चौकटीत घ्या आणि माऊसला टिचकी मारा. हात हलल्यापासून ठिपका हलेपर्यंतच्या फ्रेम मोजा. एक फ्रेम म्हणजे ४.२ मिलिसेकंद. असं वीसेक वेळा करून मध्यक घ्या. याने हातापासून पडद्यापर्यंतचा उशीर कळतो. उडीचा आदेश दिल्यापासून ती प्रत्यक्ष पडद्यावर दिसेपर्यंतचा उशीर वेगळा असतो. त्यासाठी पडद्याच्या कोपऱ्यात उडीबरोबर काळ्याचा पांढरा होणारा चौकोन ठेवून प्रकाशसंवेदक लावणं सगळ्यांत भरवशाचं. ऑपरेटिंग सिस्टिममधलं माऊसचं ॲक्सलरेशन बंद करायला विसरू नका. ते चालू असेल तर हात आणि ठिपका यांचं नातं वेगाप्रमाणे बदलतं.

पायरी ३: नोंदी स्वच्छ करा, पण सुरुवात बिघडवू नका

किमान १०० हर्ट्झने नोंद घ्या आणि प्रत्येक नमुन्याबरोबर खरी वेळ साठवा. अंतर समान असेल असं गृहीत धरू नका. वेग काढण्याआधी १० हर्ट्झच्या आसपास तोडणारा लो-पास फिल्टर (त्याहून जलद थरथर गाळून टाकणारा) लावावा लागतो. तो पुढून आणि मागून असा दोनदा लावला की आलेख वेळेत सरकत नाही, म्हणून सगळे तसंच करतात. पण त्याची किंमत अशी की पुढच्या नमुन्यांचा अंश मागच्या नमुन्यांत मिसळतो आणि हालचाल खरी सुरू झाली त्याच्या थोडी आधीच सुरू झाल्यासारखी दिसते. त्यामुळे वेगाचं शिखर फिल्टर केलेल्या आलेखावर शोधा, तिथून मागे येत वेग शिखराच्या ५ टक्क्यांखाली उतरतो तो बिंदू पकडा, आणि मग मूळ, न गाळलेल्या नोंदीवर तो पडताळून घ्या.

उडीनंतर १०० मिलिसेकंदांच्या आत सुरू झालेली हालचाल अंदाजाने केलेली समजून बाजूला काढा. धावण्याच्या शर्यतीत चुकीची सुरुवात ठरवायला हीच मर्यादा वापरतात. लक्ष नसल्यामुळे फार उशिरा आलेले प्रतिसादही वगळावे लागतात. दोन्ही मर्यादा नोंदी बघण्याआधी ठरवा आणि किती उड्या वगळल्या ते लिहून ठेवा.

पायरी ४: सरासरीच्या आधी एकेक आलेख

आता वीस-तीस उड्यांचे आलेख एकाखाली एक छापा आणि त्यांच्यासमोर बसा. घाई करू नका. बहुतेक आलेखांत चार भाग दिसतील: सपाट पट्टा, चढ, थांबा आणि कधीकधी एक छोटी दुरुस्ती. चढाच्या भागाचा वेग काढलात तर तो घंटेच्या आकाराचा दिसेल. हात हळू सुटतो, मध्यावर सर्वांत जोरात असतो आणि हळू थांबतो.

सरासरी याचं काय करते ते एका हिशोबातून बघू. समजा प्रत्येक उडी १० सेंटीमीटरची आहे आणि माणूस दर वेळी बरोबर २५० मिलिसेकंदांत तिथे पोचतो. हालचाल घंटेच्या आकाराची धरली, तर शिखरवेग सरासरी वेगाच्या १.८७५ पट येतो. सरासरी वेग सेकंदाला ४० सेंटीमीटर, म्हणजे शिखर ७५. आता समजा प्रतिसादकाळ २०० ते ३५० मिलिसेकंदांमध्ये सारखा पसरलेला आहे. सगळे आलेख उडीच्या क्षणावर जुळवून सरासरी काढली, तर सरासरीची हालचाल २०० ला सुरू होते आणि ६०० ला संपते. २५० मिलिसेकंदांची हालचाल ४०० ची दिसायला लागली, आणि शिखर ७५ वरून साधारण ५९ वर आलं. अशी संथ हालचाल त्या माणसाने एकदाही केलेली नाही. वर, वेगवेगळ्या वेळी आलेल्या दुरुस्त्या एकमेकींत विरघळून शेपटी गुळगुळीत होते. अशा रेषेवर साधं रेषीय मॉडेल छान बसतं, आणि बसवणाऱ्याला वाटतं की माणूस रेषीय आहे.

सरासरी काढायचीच असेल तर आलेख हालचालीच्या सुरुवातीवर जुळवा आणि प्रतिसादकाळाचं वितरण वेगळं ठेवा. ते वितरण उजवीकडे लांबलेलं असतं, म्हणून त्याचं वर्णन मध्यक आणि पसाऱ्याने करा.

पायरी ५: सगळ्यांत साध्या मॉडेलपासून सुरुवात

पुढे काहीही बांधायचं असलं तरी आधी हे बांधा. नियम एका ओळीत मावतो: हाताचा वेग = गेन × काही वेळापूर्वी दिसलेली चूक. यात दोनच आकडे आहेत, गेन आणि उशीर. प्रोग्रॅममध्ये १० मिलिसेकंदांची पावलं घ्या, चुकांची एक रांग ठेवा, २०० मिलिसेकंदांच्या उशिरासाठी वीस पावलांपूर्वीची चूक उचला, तिला गेनने गुणा, १० मिलिसेकंदांनी गुणा आणि हाताच्या जागेत मिळवा. एवढंच.

चालवून बघा. उशीर ०.२ सेकंद आणि गेन ४ ठेवला, तर १० सेंटीमीटरच्या उडीला मॉडेल ०.२ सेकंद गप्प बसतं. पुढच्या ०.२ सेकंदांत ते एकसारख्या वेगाने ८ सेंटीमीटर जातं, ०.४६ सेकंदाच्या सुमारास लक्ष्य ओलांडतं आणि ०.६६ च्या सुमारास ३ सेंटीमीटर पुढे निघून गेलेलं असतं. मग ते हेलकावे घेत स्थिरावतं. कारण उघड आहे: उशिरामुळे त्याला जुनी चूक दिसत राहते आणि ते पोचल्यावरही पुढे ढकलत राहतं. गेन ७.८५ च्या वर नेला तर हेलकावे थांबतच नाहीत, वाढत जातात. गेन आणि उशीर यांचा गुणाकार π च्या निम्म्याहून जास्त झाला की हे होणारच. हेलकावा अजिबात नको असेल तर गेन १.८४ पर्यंत खाली आणावा लागतो, आणि मग ९५ टक्के अंतर कापायला १.१ सेकंद लागतात.

हा पेच नीट समजून घ्या, कारण पुढच्या मॉडेलची गरज इथेच उभी राहते. जलद असेल तर ओलांडून जातं, ओलांडायचं नसेल तर संथ होतं. सराईत माणूस मात्र पाऊण सेकंदाच्या आत पोचतो आणि फारसा ओलांडतही नाही.

स्नायूंचा सुस्तपणा म्हणून आणखी एक लॅग (आदेश एकदम न पाळता हळूहळू पाळणारा घटक), लहान चुकांकडे दुर्लक्ष करणारा मृतपट्टा आणि वेगाची कमाल मर्यादा, या तीन भरी घालून बघायला हरकत नाही. लॅगमुळे चढाची सुरुवात गोलसर होते, जे खऱ्या आलेखाशी जुळतं. मुख्य पेच सुटत नाही, उलट जास्तीच्या लॅगमुळे गेन आणखी कमी करावा लागतो.

पायरी ६: ते कुठे मोडतं ते शोधा

मॉडेल चुकतं हे माहीत असून भागत नाही, कुठे चुकतं ते हवं. त्यासाठी मला सर्वांत उपयोगी वाटलेला आलेख अगदी साधा आहे: आडव्या अक्षावर उडीचा आकार, उभ्या अक्षावर शिखरवेग. शेजारी दुसरा आलेख, त्यात शिखरवेगाऐवजी हालचालीला लागलेला वेळ.

रेषीय मॉडेलमध्ये उडी दुप्पट केली की शिखरवेग बरोबर दुप्पट होतो आणि लागणारा वेळ बदलत नाही. वेगमर्यादेवर चालणाऱ्या मॉडेलमध्ये उलट घडतं: वेग तोच राहतो आणि वेळ दुप्पट होतो. माणूस या दोहोंच्या मध्ये असतो. उडी मोठी झाली की वेगही वाढतो आणि वेळही थोडा वाढतो. १९५४ चा फिट्सचा नियम इथे कामाला येतो: लक्ष्याची रुंदी तीच ठेवून अंतर दुप्पट केलं, तर वेळेत एक ठरावीक भर पडते, मग मूळ अंतर काहीही असो. तुमचे ठिपके यांपैकी कुठल्या रेषेजवळ पडतात ते बघितलं की कुठल्या जातीचं मॉडेल लागेल हे बरंचसं कळतं.

इथे आणखी एका गोष्टीकडे लक्ष असू द्या. वेगवेगळ्या आकारांच्या उड्या मिसळून दिल्या की लोक लहान उडीला जरा पुढे जातात आणि मोठ्या उडीला जरा मागे राहतात. म्हणजे प्रतिसाद फक्त समोरच्या उडीवर ठरत नाही, एकूण उड्यांच्या पल्ल्यावरही ठरतो. एकच आकार वापरून केलेल्या प्रयोगात हे कधीच दिसणार नाही.

पायरी ७: तुटक मॉडेल बांधा

आता झेपेचं मॉडेल. याचे भाग एकेक करून जोडा आणि प्रत्येक भाग जोडल्यावर आलेख परत बघा.

पहिला भाग पहारेकरी. तो सतत दोन गोष्टींची तुलना करतो: आत्ता दिसणारी चूक आणि दिसायला हवी होती ती चूक. दोहोंतला फरक एका उंबरठ्यापलीकडे गेला की तो घटना घडल्याचं जाहीर करतो. २०११ मध्ये गॉथ्रॉप, लोरम आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या तुटक नियंत्रणाच्या सिद्धांतात हीच कल्पना गणिती रूपात आहे.

दुसरा भाग आखणी. घटना घडली की मॉडेल त्या क्षणाच्या चुकीचा नमुना घेतं आणि एक पूर्ण हालचाल ठरवतं: किती जायचं आणि किती वेळात. अंतरासाठी चुकीला ०.९ ते १ मधल्या एका गुणकाने गुणा, कारण लोक पहिल्या झेपेत सहसा किंचित कमी जातात. वेळ फिट्सच्या नियमातून घ्या. झेपेच्या आकारासाठी फ्लॅश आणि होगन यांचं १९८५ चं सूत्र सोयीचं आहे. लागणाऱ्या वेळेचा सरलेला हिस्सा ० ते १ मध्ये मोजा. त्याच्या घनाच्या दहापटीतून चौथ्या घाताची पंधरापट वजा करून पाचव्या घाताची सहापट मिळवली, की कापलेल्या अंतराचा हिस्सा मिळतो. पायरी ४ मधला १.८७५ हा आकडा याच सूत्रातून येतो.

तिसऱ्या भागाशिवाय सगळं कोसळतं: स्वतः दिलेल्या आदेशाचा हिशोब. लक्ष्याने १० सेंटीमीटर उडी मारली, २५० मिलिसेकंदांनी झेप सुरू झाली, आणि डोळ्यांतून येणारी माहिती १५० मिलिसेकंद जुनी आहे. ३५० व्या मिलिसेकंदाला मॉडेलला जे दिसतंय ते २०० व्या मिलिसेकंदाचं चित्र, म्हणजे पूर्ण १० सेंटीमीटरची चूक. हात निघालेला असूनही. मॉडेलने आपण आधीच १० सेंटीमीटरचा आदेश दिला आहे हे धरलं नाही, तर ते आणखी १० चा आदेश देईल. म्हणून दिलेल्या आदेशांची एक प्रत जवळ ठेवा, ती तेवढ्याच उशिराने पुढे सरकवा आणि ‘दिसायला हवी होती ती चूक’ तिच्यातून काढा. औद्योगिक नियंत्रणात हीच युक्ती स्मिथ प्रेडिक्टर म्हणून १९५० च्या दशकापासून वापरात आहे, आणि लहान मेंदू असंच काही करत असावा ही कल्पना मिआल आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडली.

चौथा भाग विश्रांतीचा काळ. एक झेप सोडल्यावर थोडा वेळ नवी आखणी बंद. हा काळ किती, हे आधी ठरवू नका, नोंदीतून काढा.

शेवटी झेप संपल्यावर उरलेली चूक उंबरठ्याच्या आत आहे का ते बघा. नसेल तर पहारेकरी आपोआप दुसरी, छोटी झेप सोडतो. दुरुस्तीसाठी वेगळा नियम लिहावा लागत नाही, आणि हे मला या मॉडेलचं सगळ्यांत मोठं बळ वाटतं. खऱ्या आलेखात दिसणारा थांबा आणि त्यानंतरची छोटी हालचाल फुकट मिळते. झेपेच्या आकाराच्या प्रमाणात थोडा गोंगाट, म्हणजे यदृच्छ कमीजास्तपणा, अंतरात मिसळला, तर मोठ्या उड्यांनंतर दुरुस्त्या जास्त का लागतात हेही मॉडेल दाखवू लागतं.

लक्ष्य सरकतही असेल आणि मधूनच उडीही मारत असेल, तर झेपांच्या जोडीला पायरी ५ मधला सलग लूप मंद गेनवर चालू ठेवा. निव्वळ उड्यांसाठी त्याची गरज पडत नाही.

पायरी ८: आकडे बसवणं

प्रत्येक माणसाचे आकडे वेगळे काढा. दहा जणांच्या नोंदी एकत्र करून एक मॉडेल बसवणं म्हणजे पायरी ४ मधली चूक मोठ्या प्रमाणावर करणं.

उशीर आणि लॅग हे एकमेकांची जागा घेतात. उशीर थोडा कमी आणि लॅग थोडा जास्त केला तरी रेष जवळपास तीच येते, त्यामुळे दोन्ही एकदम सोडले की दर वेळी वेगळीच जोडी हाती लागते. उपाय सोपा आहे: प्रतिसादकाळ आलेखावरून थेट मोजा आणि तो पक्का करून बाकीचे आकडे शोधा. उशीर पावलांत मोजला जात असल्याने चढउतारावरून उतरणारी शोधपद्धत तिथे अडखळते. शक्य त्या सगळ्या किमती एकेक करून तपासणं बरं. पायरी ७ च्या उंबरठ्याबाबतही तेच.

सावकाश सरकणाऱ्या लक्ष्यावरून काढलेला उशीर उडीसाठी उसना घेऊ नका. सलग ट्रॅकिंगमध्ये माणूस पुढचा अंदाज बांधत असतो, त्यामुळे तिथला उशीर सहसा कमी निघतो आणि तो वापरला तर मॉडेल माणसाच्या आधी निघतं.

जुळणी मोजताना सहसंबंधाच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका. लक्ष्य स्वतःच उड्या मारत असल्याने जवळपास कुठलंही मॉडेल ०.९ च्या वर सहज जातं. तुलनेसाठी एक बिनडोक मॉडेल तयार ठेवा: लक्ष्याचाच आलेख ०.३ सेकंद उशिरा सरकवलेला. यात माणसाबद्दल काहीच नाही, तरी त्याचा सहसंबंध बघून अनेकांना धक्का बसेल. तुमचं मॉडेल याला किती मागे टाकतं हे सांगा. फरक मोजायचा तो उडीनंतरच्या पहिल्या सेकंदातला मोजा, कारण उरलेल्या वेळात सगळेच लक्ष्यावर बसलेले असतात. आणि आकडे निम्म्या उड्यांवर काढून उरलेल्या निम्म्यांवर तपासा.

पायरी ९: दुहेरी उडीची परीक्षा

एकेरी उडीवर सलग आणि तुटक दोन्ही मॉडेलं ओढूनताणून बसवता येतात. दुहेरी उडीवर तसं करता येत नाही. रेषीय मॉडेलला बेरीज लागू पडते: पहिल्या उडीचा एकटीचा प्रतिसाद आणि दुसरीचा एकटीचा प्रतिसाद आपापल्या वेळी सरकवून मिळवले, की दुहेरीचा प्रतिसाद तंतोतंत मिळायला हवा. ही बेरीज मॉडेलशिवाय, थेट नोंदींवर करता येते. हालचालीच्या सुरुवातीवर जुळवलेले एकेरी आलेख घ्या, बेरीज करा आणि खऱ्या दुहेरी आलेखातून वजा करा. उरलेल्यात नुसता गोंगाट असेल तर रेषीय मॉडेल पुरतं. त्यावर थांबा आणि पायरी ७ सोडून द्या.

गोंगाटाऐवजी आकार दिसला तर तो वाचा. दुसरी उडी पहिलीनंतर १००–२०० मिलिसेकंदांत आली आणि तिचा प्रतिसाद नेहमीपेक्षा उशिरा सुरू झाला, तर विश्रांतीचा काळ खरा आहे. टेलफर्ड यांनी १९३१ मध्ये असाच उशीर दाखवला होता. दोन उड्यांमधलं अंतर आडव्या अक्षावर आणि दुसऱ्या प्रतिसादाचा उशीर उभ्या अक्षावर मांडा. अंतर वाढेल तसा उशीर उतरत जाऊन नेहमीच्या पातळीला टेकतो, आणि तो जिथे टेकतो त्यावरून पायरी ७ मधल्या चौथ्या भागाचा आकडा मिळतो. दुसरी उडी फारच लवकर आली तर कधीकधी माणूस पहिली झेप न सोडता थेट शेवटच्या जागेकडे जातो. त्या उड्या वेगळ्या गटात ठेवा, कारण तिथे दोन घटना नसतात, एकच असते.

उलट पुरावाही नजरेआड करू नका. हात थेट वस्तूकडे जात असताना वस्तू सरकवली, तर हात १००–१५० मिलिसेकंदांत वळू शकतो. पेलिसाँ आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये डोळ्यांच्या झेपेदरम्यान लक्ष्य सरकवलं, तेव्हा माणसांना ते सरकल्याचं जाणवलंही नाही आणि हात मात्र योग्य जागी गेला. म्हणजे कडक विश्रांतीचा काळ सगळ्या हालचालींना लागू नाही. जॉयस्टिकसारख्या आडवळणाच्या साधनात तो ठळक दिसतो, थेट हात पुढे करण्यात पुसट होतो. तुमच्या आलेखात उशीर उतरतच नसेल, सपाटच असेल, तर चौथा भाग काढून टाका आणि बाकीचे तीन ठेवून आकडे परत बसवा.